देवदार सांगून लावलेले पाइन

मी, काळुराम महादू सुतार, वय ७४, राहणार गडब, ता. पेण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे. ‘म्हातारा भ्रमिष्ट झाला होता’ असे माझा मुलगा रितेश म्हणणार, हे मी ओळखून आहे.

१. घर, मागचा कारखाना आणि पोस्टातील ठेव ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही.

२. ही सर्व मिळकत माझ्यामागे जनू गोमा म्हात्रे, राहणार जिते, याला मिळावी. त्याने माझ्याकडे एकतीस वर्षे काम केले.

३. रंधे, पटाश्या, करवतीही जनूच्याच. त्याला चढउतार जमत नाही, पण बसल्या जागी तो आजही माझ्यापेक्षा सुबक सांधा करतो. रितेशने एकाही हत्याराला हात लावू नये.

४. रितेशला मी काही देत नाही. कारण लिहून ठेवतो.

सन २०१७ मध्ये गावाच्या समाजमंदिराचे छप्पर आम्ही घेतले. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रा पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, देवदाराच्या करायच्या ठरल्या होत्या. तेव्हाच माझी पत्नी शांती आजारी पडली. मी तिच्यासोबत पनवेलच्या दवाखान्यात राहिलो आणि जनूला मदतीला देऊन काम रितेशवर सोपवले. परत आलो तेव्हा कैच्या चढल्या होत्या, वर पॉलिशही झाले होते. मी शिडीवर जाऊन नखाने खरवडले. देवदार नव्हताच. मशीनच्या पेट्यांचे भंगारातले पाइन होते, गाठींनी भरलेले.

“वर कोण बघायला चढतंय, बाबा?” रितेश हसून म्हणाला.

मी कैच्या उतरवणार होतो. शांतीने पाय धरले. “एकुलता एक हाय. गावात तोंड कसा दाखवील तो? गप ऱ्हावा.” मी तिला शब्द दिला आणि गप्प राहिलो.

२०२० च्या पावसाळ्यात समाजमंदिर गळू लागले. पत्रा बदलायला जनूला मीच वर पाठवले. त्याच्या वजनाने कैची गाठीवरून तुटली. तो खाली फरशीवर आदळला आणि त्याचा उजवा पाय कायमचा गेला. गावच्या बैठकीत रितेश उभा राहून म्हणाला, “जनू पिऊन चढला होता.” जनूने जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तेव्हाही मी तोंड उघडले नाही.

५. माझ्या तेराव्याला कलम ४ समाजमंदिरात मोठ्याने वाचावे. खाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या वृंदाबाईंनी वाचावे. रितेश समोर बसलेला असावा. तो आला नाही, तरी वाचावे.

६. शांती गेल्या वर्षी वारली. तिला दिलेला शब्द तिच्याबरोबर संपला, म्हणून मागच्या रविवारी जित्याला जाऊन मी जनूला सारे सांगितले. त्याची बायको कृष्णाबाई उठून आत गेली. जनू म्हणाला, “मेस्त्री, त्या कैच्या मीच कापल्या. देवदाराचा वास माला कलत नाय काय? तुमी आल्यावर बोलाल म्हनून मी वाट बघत ऱ्हायलो.”

मी माफी मागितली. “ती नाय देनार,” तो म्हणाला.

त्याने माफ केलेले नाही, हे जाणूनच कलम २ व ३ लिहिली आहेत. ती कायम राहावीत.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: काळुराम महादू सुतार

साक्षीदार:
१. वृंदा पुष्कर जोगळेकर, निवृत्त शिक्षिका, पेण
२. आरोन अब्राहम रोहेकर, रोहा

ठिकाण: गडब
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४