वेझगूज होणारच

१० ऑगस्ट १८८१
स्टुलावर चढून नोटीस फाडली. दोन तुकडे. टाचणी बोटात घुसली, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. खाली छापखान्यातले बाकीचे दहाही जण टाळ्या वाजवत होते.
नोटीस मालकीणबाईंची, मिसेस ऑल्डक्रॉफ्टची. यंदा वेझगूज नाही. त्याऐवजी त्यांच्या बागेत चहा आणि केक, मग कोठारात मॅजिक लँटर्नवर बायबलमधल्या पवित्र भूमीची चित्रं. मद्य नाही.
उन्हाळा सरतो, छापखान्यात दिव्याखाली काम सुरू होतं. त्याआधी एक दिवस मालकाने सगळ्यांना पोटभर खाऊ-पिऊ घालायचं आणि दंगा करू द्यायचा. हे वेझगूज. उपकार नव्हे, हक्क. चॅपलचा, म्हणजे आम्हा अकरा कामगारांच्या संघाचा, फादर, म्हणजे प्रमुख, बारा वर्षं मीच आहे.
निश्चय: वेझगूज होणारच.

१२ ऑगस्ट
चर्चचे धर्मगुरू कॅनन विन्यार्ड यांचा कोश जुळवतो आहे. दंगामस्तीचे जुने इंग्रजी शब्द. कॅननसाहेब ऐंशीचे, स्वतः लिंबूपाणी घेतात. आज रँडी, रँडन, राऊट, रम्पस. सायलस गॅम्बल यंत्रावरून ओरडला, अहो फादर, नुसते खिळे जुळवूनच चढली की तुम्हाला!
दुर्लक्ष केलं.

१६ ऑगस्ट
कोशाच्या शेवटाशी आलो. वॉसेल आहे, वेक आहे. वेझगूज नाही! घातला. स्वतःच्या जबाबदारीवर.
‘वेझगूज: छापखान्यातील कामगारांचा वार्षिक मेजवानीचा हक्क. तो नाकारणारा मालक अजून जन्मलेला नाही.’
कॅननसाहेबांकडे जाण्याआधी प्रूफ मुद्दाम बाईंच्या टेबलावर ठेवलं. आता बाईंना घाम फुटेल.

१७ ऑगस्ट
बाईंनी प्रूफवर चहाचा कप ठेवला. गोल डाग. घाबरल्याची खूण. प्रूफ तसंच कॅननसाहेबांकडे गेलं.
नदीकाठच्या पबात २४ तारखेला, बाईंच्या चहाच्याच दिवशी, अकरा जणांचं जेवण सांगितलं. पबवाल्या मिसेस पॉबजॉयने तीनदा विचारलं, अकरा नक्की ना? बदक एकदा कापलं की परत पोहत नाही, मिस्टर टकवेल. मी म्हणालो, माझी माणसं लोखंडाची आहेत.

२० ऑगस्ट
पर्किन म्हणतो, बायकोने बाईंना आम्ही चहाला येऊ असा शब्द दिलाय, घरात राहायचंय मला. बाकीचे खिळ्यांच्या पेटीत बघत राहिले. सायलस म्हणाला, फादर, आम्ही तिकडे नुसतं तोंड दाखवतो आणि तडक तुमच्याकडे येतो. चहा पिऊन काय बंड करता येत नाही?
परवानगी दिली. शत्रूच्या गोटात आपली माणसं असलेली बरी.
भाषण लिहिलं. अकरा पानं.

२४ ऑगस्ट, दुपारी १
पबात. खुर्च्या स्वतः लावल्या. टेबलाच्या टोकाला, मानाची, माझी.

२.३०
नदीपलीकडून बाईंच्या कोठारातला हशा ऐकू येतो. जबरदस्तीचा असणार.

४.००
बदकं गार. मिसेस पॉबजॉय खुर्च्या उचलायला आली. उचलू दिल्या नाहीत. एकाने केलेलं बंडही बंडच असतं.

५.१५
सायलस आला. एकटा, केकचा तुकडा घेऊन. म्हणाला, फादर, काय सांगू! जॉर्डन नदीचं चित्र उलटं लागलं. पर्किन ओरडला, अरे पळा, बुडालो! मग कोण ऐकतंय. बाकं आपटली, गाणी म्हटली, बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. आणि हा केक त्यांनीच दिला, म्हणाल्या, मिस्टर टकवेल राहिले ना बिचारे.
मी विचारलं, म्हणजे नेमकं काय झालं? रम्पस की रँडी?
म्हणाला, शब्द तुम्ही शोधा हो. आम्ही नाचत होतो.
उभा राहून भाषण वाचलं. तिसऱ्या पानावर त्याने बदकाची दुसरी तंगडी घेतली. पाचव्यावर, पलीकडे वाट बघताहेत म्हणाला आणि गेला. उरलेली सहा पानं खुर्च्यांना वाचून दाखवली. केकला हात लावला नाही.
वेझगूज झालं. कुणी काही म्हणो, झालं.

२५ ऑगस्ट, सकाळ
कॅननसाहेबांकडून तपासलेलं प्रूफ परत आलं. माझा शब्द त्यांनी ठेवला आहे. समासात आभारही मानले आहेत. ‘हक्क’ खोडून ‘प्रथा’ केलं आहे. दुसरं वाक्य काढून तिथे दोन शब्द घातले आहेत: ‘आता बंद.’
आठच्या आत, बाकीचे यायच्या आधी, ते दोन्ही जुळवले.