छप्पन्न नंबरची शिवराई

॥ श्री ॥
रत्नागिरी,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

सौ. पद्मजावन्सं,

वहिनीचा आशीर्वाद घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचून झाली, आणि लिहायला बसले.

तुमचे दादा बरे आहेत. डोळ्यांचं विचाराल तर काठाकाठाचं तेवढं दिसतं, मध्ये नुसता काळा डाग. माणूस आवाजावरून ओळखतात.

तुमचा गंधार मामाचं नाण्यांचं पुस्तक छापायला घेतोय, कौतुकच आहे. पण एवढी घाई कशाला? छपाई केवढी महाग झालीय. उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर काय बिघडतं? तुम्हीच सांगा त्याला, तुमचं म्हणून.

तीस वर्षं शाळेतून आले की हे भिंग घेऊन बसायचे. तांब्याची दोनशे बारा शिवराई नाणी. मला सगळी सारखीच दिसत. हे म्हणायचे, प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, म्हणून कुठे 'श्री'ची वेलांटी आखूड, कुठे 'छत्र' वाकडं. ठसा तडकला की पुढच्या प्रत्येक नाण्यावर बारीक रेघ उठते. त्यावरून ठसा ओळखायचा, नाणं पाकिटात घालायचं, वर नंबर.

पाऊस संपता संपता डोळे गेले. तेव्हापासून भिंग माझ्या हातात आणि वहीही. हिशेब लिहून अक्षर वळणदार झालंय, म्हणून. हे विचारतात, मी बघून सांगते आणि लिहिते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नाणी मांडावी असं मनात आलं. पण अशी काळीहिरवी लक्ष्मी पाटावर कशी ठेवू? ह्यांना दिसणार नव्हतं. देवाच्या उपकरण्यांबरोबर सगळी आमसुलाच्या पाण्यात टाकली, राखेने घासली. लखलखीत निघाली. पूजा झाल्यावर भिंग लावलं, तर रेघा पार गेलेल्या. कुठलं नाणं कुठल्या पाकिटातलं, तेही कळेना.

सांगणार होते, वन्सं. भाऊबीज होऊ दे म्हटलं. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "बावीस नंबर. 'पति'च्या खाली रेघ आहे?"

मी म्हटलं, "आहे."

तेव्हापासून हाताला येईल ते नाणं उचलते आणि त्यांच्या जुन्या वहीत असेल ते बोलते. महिना झाला.

मागच्या सोमवारी छप्पन्न नंबर आला. त्याची 'श्री' निराळी, म्हणून जाणकार तो निराळ्या टांकसाळीचा धरतात. ह्यांना वीस वर्षं वाटत होतं की टांकसाळ एकच. मागच्या अंगाला बावीस नंबरवरचाच तडा सापडला की दोन्ही एकाच ठशाची, म्हणजे झालं. पण ह्यांना तो कधी नक्की दिसला नव्हता.

"तुझे डोळे चांगले आहेत. सावकाश बघ," म्हणाले.

बघितलं. गुळगुळीत तांबं. ते छप्पन्नच होतं की नाही, तेही ठाऊक नाही. मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "आहे."

हे रडले. मामंजी गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. "अगं, हे तू शोधलंस. पुस्तकात तुझं नाव घालायचं," म्हणाले, आणि लगेच गंधारला फोन लावायला लावला. आता वेळणेश्वराला अभिषेक करायचाय, सोमवारची गाडी सांगितलीय.

कुठल्या तोंडाने उभी राहू तिथे? खरं सांगितलं तर ह्यांच्याकडे उरलं काय? दोनशे बारा चकचकीत तुकडे, तेही न दिसणारे. नाही सांगितलं तर पुस्तक वाचून कोणीतरी ते नाणं बघायला मागणार, आणि खोटे हे ठरणार, मी नाही. उपास केले, पोथी वाचली. देवाकडून काही येत नाही.

तेवढं पुस्तक थांबवा. माझं आणि तुमचं पुन्हा फाटलंय म्हणून सांगा, गंधारला ते लगेच पटेल. मला काय बोलायचं ते बोला, पण पत्रात. फोन स्पीकरवर असतो.

हे आतून हाक मारतायत. सत्तावन्न नंबर काढायचाय. जाते.

ह्यांच्या डोळ्यांच्या जागी बसलेली,
यमुना