ग्लोव्हचा हात कपाळाला

सरे, मंगळवार संध्याकाळ

आज हॉस्पिटलमध्ये क्लिनिकलच्या प्रॅक्टिसला पेशंट आजींना खुर्चीत बसवताना माझा पाय त्यांच्या पायाला लागला. मी पटकन वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. ग्लोव्ह घातलेला हात!

आजी हसल्या, "व्हॉट वॉज दॅट, डिअर?" मी सांगणार, तेवढ्यात इन्स्ट्रक्टर म्हणाली, "ग्लोव्ह परत असा चेहऱ्याला लागलेला दिसला तर तुला पास करता येणार नाही." बरोबरच आहे तिचं. मग डोक्यातून जात का नाही?

दुपारी फिलॉसॉफी. या कॉलेजात नर्सिंगवाल्यांनाही ती घ्यावीच लागते. प्रोफेसरांनी विचारलं, आदर ही भावना की सवय? मी कपाळ सारखं पुसत होते.

आजींना सांगायचं राहूनच गेलं.

आत्ता पलंगावर पाय पसरले, तर फिलॉसॉफीच्या पुस्तकाला लागले. हात कपाळाला पोचलासुद्धा.