ग्रॉस, टेअर आणि बटण

२ जून, सकाळ
पिल्लू आलं. मुलीने नाव ठेवलं बटण. मी 'सेनापती' सुचवलं होतं. मायलेकींनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. ठीक आहे. नाव त्यांचं, आहार माझा. या घरात खाण्यापिण्याची शिस्त कुणाला असेल तर ती मलाच. कुत्रं खाऊ घालणाऱ्याला मालक मानतं म्हणतात. म्हणजे महिन्याभरात ते कुणाच्या मागे फिरेल हे उघड आहे.

५ जून
पाकिटातल्या खाद्याचा अभ्यास केला. एक दाणा चावून पाहिला. मग दुसरा, खात्रीसाठी. वाईट नाही, पण रोज कोण खाणार? ताजंच हवं. निर्णय: उकडलेलं चिकन, मऊ भात, गाजर. मात्र एकदम बदल नाही, पोट बिघडतं. आधी पाव भाग नवं, बाकी जुनं, मग हळूहळू नवं वाढवायचं. बायकोला नीट समजावलं. तिने विचारलं, शिजवणार कोण? हिला नेहमी तपशिलाचंच पडलेलं असतं.

११ जून, संध्याकाळ
नवं जेवण पूर्ण चालू. आज वजन. बटण काट्यावर एका जागी ठरत नाही, म्हणून त्याला कडेवर घेऊन मीच उभा राहिलो. गोदामात आयुष्य गेलंय माझं. भरलेल्या ट्रकचं वजन म्हणजे ग्रॉस, रिकाम्याचं टेअर, वजाबाकी केली की माल. इथे टेअर मी. बाहत्तर किलो. नोकरीला लागताना मेडिकलला आलेला आकडा. तो बदलायचं काही कारणच नाही.
काटा: एकोणऐंशी. म्हणजे बटण सात किलो! पुस्तकात या वयाला चार लिहिलंय. पिल्लू लठ्ठ आहे.
मुलगी म्हणाली, बाबा, त्याच्या फासळ्या हाताला लागतात. लहान आहे ती अजून. आकड्यापुढे हाताचं काय चालणार.

१२ जून
बटणाची वाटी निम्मी केली. शिजवलेलं उरतं. टाकवत नाही. भांड्यातूनच संपवलं. मीठ नसलं तरी चिकन छान लागतं. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही.

१८ जून
काटा एक्याऐंशी. बटण नऊ! कमी खाऊन वाढतंय. घरात फितुरी आहे. जेवताना डोळ्यात तेल घालून पाहिलं, कुणी सापडलं नाही. वाटी आणखी कमी. उरलेलं अर्थातच मी. कुणीतरी करायलाच हवं.
बटणाने माझी चप्पल खाल्ली. दात मजबूत होताहेत. आहार लागू पडतोय.

२२ जून
ऑफिसची पँट कमरेला बसेना. लाँड्रीवाल्याला झापलं, की गरम पाण्यात घालून कपडे आटवता. तो म्हणाला, साहेब, शर्टसुद्धा? म्हटलं, शर्टसुद्धा.

२६ जून
त्र्याऐंशी. बटण अकरा किलो. तरी एका हाताने सहज उचललं. माझी ताकद वाढली असावी. मी स्वयंपाकघरात खात उभा असलो की ते समोर येऊन बसतं. पापणी लवत नाही. मालक कळला त्याला.
उद्या सगळे जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे. लठ्ठपणावर औषध विचारायचं.

२७ जून
डॉक्टरबाईंनी बटणाला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. पाच किलो. मी म्हटलं, काटा बिघडलाय. त्यांनी दुसऱ्यावर ठेवलं. पाच. अगदी योग्य, म्हणाल्या, छान खाऊ घालताय. मी आभार मानणार, तोच मुलीला रडू फुटलं. बाबा उपाशी ठेवतात म्हणून ती रोज दाराआड त्याला पाकिटातले दाणे भरवत होती.
मग बायकोने विचारलं, बाकीचे सहा किलो कुठे गेले? विचारताना ती माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत होती. डॉक्टरबाईंनी जमिनीवरचा काटा दाखवला. उभे राहा, म्हणाल्या, मोठी कुत्री पेलतो. अठ्ठ्याहत्तर.
घरी आलो. खूप वाईट वाटलं. ते एवढंसं पोर समोर उपाशी बसलेलं, आणि मी त्याचंच चिकन खात होतो.

२८ जून
बटणाला भरलेली वाटी. मला काकडी, गाजर आणि पातळ सूप. बायकोला सांगितलं, आहार एकदम बदलू नये, पोट बिघडतं. आधी पाव भाग नवं, बाकी जुनं. ती म्हणाली, ते पिल्लांसाठी.

रात्री जेवणानंतर
बटणाच्या वाटीत चिकनचा एक तुकडा राहिला होता. सहज वाकलो. बटण गुरगुरलं. जन्मात पहिल्यांदा.
मुलगी आनंदाने ओरडत आत पळाली, आई, बटण राखण करायला लागलं!