मुंग्यांनी नापास केलेल्या गोड गोळीबाबत

प्रति,
मा. अन्न सुरक्षा अधिकारी,
जळगाव.

विषय : साखरेऐवजी वापरायच्या गोड गोळीविरुद्ध मुंग्यांनी दिलेला निकाल रद्द होणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ४ फेब्रुवारीचा प्रयोग.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून सावद्यात राहते. माझे वडील रतिलाल भंगाळे केळीचे व्यापारी आहेत व त्यांना मधुमेह आहे. चहातली साखर सुटेना, म्हणून मी सुक्रालोजच्या गोळ्या आणल्या.

२. सुक्रालोज बहुतांशी न पचता शरीराबाहेर पडते. वडिलांच्या वजनाला दिवसाची सुरक्षित मर्यादा सुमारे १३५ गोळ्या येते, हे मी गणित मांडून दाखवले. त्यांनी विचारले, "मंग एकशेछत्तिसावीले काय होते?" ही मर्यादा सावधगिरीची, मरणाची नव्हे, हे सांगेपर्यंत त्यांचा साखरेचा चहा पिऊन झाला होता.

३. गोड ते गोडच, हे सिद्ध करण्यासाठी मी वखारीत सर्व हमालांसमोर मुंग्यांच्या वाटेवर साखर व गोळी ठेवली. कल्पना माझीच. मुंग्या साखरेवर तुटून पडल्या आणि गोळीला वळसा घालून गेल्या. मुंगी न लागणारी केळी पावडर मारून पिकवलेली असते, असे वडील तीस वर्षे सांगत आले आहेत. ते म्हणाले, "पोरी, तुह्या गोयीले मुंगी बी हुंगत नही, अन् मी खाऊ?"

४. मुंगीला माणसासारखी चव लागत नाही, हे मी नंतर वाचले.

५. एवढ्यावर भागले असते. परंतु तुलनेला तिसरा नमुना हवा, या शिस्तीपायी मी शेजारी त्यांची मधुमेहाची गोळीही ठेवली होती. तिच्याकडेही मुंग्या फिरकल्या नाहीत. त्या दिवसापासून वडिलांनी औषध बंद केले. उपाशीपोटीची साखर १६८ वरून २४१ झाली आहे. डॉक्टरांनी फोन केला, तर "तुम्ही मुंगी लावून पाह्यली का?" असे त्यांनाच विचारले.

६. माझ्या पदवीवर घरात कोणाचा विश्वास उरलेला नाही. सरकारवर थोडा आहे. तरी आपण वखारीत येऊन, वडिलांसमोर, या गोळीचा एक कप चहा प्यावा, ही विनंती. मुंग्यांना बोलावलेले नाही.

आपली नम्र (पूर्वी इतकी नव्हते),
मोहिनी रतिलाल भंगाळे
सावदा, दि. २० फेब्रुवारी

सोबत :
१. रक्त तपासणीचे दोन अहवाल
२. गोळ्यांची डबी (एक गोळी प्रयोगात खर्च)
३. वडिलांचे स्वहस्ताक्षरातील निवेदन : "साहेबानं पेला त मी बी पेईन, औषध बी घेईन. साहेब, लवकर या. शुगर वाढली हे मले बी कयते. पन साऱ्या हमालायसमोर बोलून बसलो, आता माघार कशी घेऊ?"