पदरावरून तपासणी

दिनकर,

'प्रिय' लिहायला आज हात वळत नाही.

म्हशीनं धडक देऊन तानुबाईला गव्हाणीवर आदळलं, तेव्हा तू बायकोला लगेच मी नर्स आहे त्या जिंतूरच्या दवाखान्यात आणलंस, तेवढं बरं केलंस. पण तिथं तिचे ओठ निळे पडत होते आणि तू खाटेसमोर आडवा उभा राहून त्या तरुण डॉक्टरला सांगत होतास, "पदरावरून बघा. बाईमाणूस हाय."

"काका, छाती दोन्हीकडं सारखी हलायलीय का, ते पदरावरून कसं दिसणार?" तो बिचारा काकुळतीला आला होता.

कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला नर्सिंगबरोबर शिव्या शिकवल्या नाहीत, याचं तेव्हा फार वाईट वाटलं. मी तुला बखोटीला धरून बाहेर काढलं. ब्लाउज कापला, तर डावी बाजू हलतच नव्हती. बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली होती आणि हवा छातीत कोंडली होती. डॉक्टरनं सुई घालून ती हवा बाहेर काढली, तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला. आणि बाहेर तू मला म्हणालास, "अक्का, अब्रू घालवलीस." ती गेली असती तर त्या अब्रूला खांदा कुणी द्यायचा होता?

आज वॉर्डात ती म्हणाली, "वन्सं, ह्यांचा लय जीव हाय माझ्यावर. खाटेपासून हलतच नव्हते."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्या मोतीबिंदूमुळं तुझी पत्रं तीच तुला वाचून दाखवते.

तुझ्यावर अजून संतापलेली,
अक्का