मुठीत राहिलेले तांदूळ

आई, तू जाऊन माझ्या सुनेच्या वयाएवढी वर्षं झाली आणि मला पत्र आत्ता सुचतंय. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून नातसून लिहितेय. पुण्याची आहे. मी सांगते त्यातल्या शिव्या ती गाळते, असा मला संशय आहे.

सोमवारी घरात कुणी नव्हतं. कानडी मुलखातल्या बेळ्ळंदूरच्या या नवव्या मजल्यावर मी गॅसवर आधण ठेवलं. कुकरचा भात मला गोड लागत नाही. पाणी खळखळलं, मूठभर तांदूळ घेतले, हात पातेल्यावर नेला, आणि पुढं काय करायचं तेच येईना. मूठ उघडेना. त्या कामाला एक शब्द आहे एवढं कळत होतं. तो आला की हात आपसूक चालेल म्हणून उभी राहिले. पाणी आटलं, बूड करपलं, तांदूळ मुठीतच घामानं भिजले.

तुझं जातं दिसत होतं. तू खुंटा ओढतेस, मी समोर बसून नाचणी घालतेय. हात आखडला की म्हणायचीस, "रिकामं फिरवू नये, घर खातं ते." मी भिऊन मुठीवर मुठी ओतायचे, जातं अडायचं, पाठीत धपाटा बसायचा. धपाटा आठवला, शब्द काही आला नाही.

संध्याकाळी हिला सहज विचारल्यासारखं केलं, "तुमच्याकडं आधणात तांदूळ काय करतात गं?"

"कुकर लावतो, आजी."

पोर गुणाची, पण तिच्याकडं तो शब्दच नाही. घरात कुणाकडंच नाही. माझा गेला तर परत कोण देणार? मरणाला मी केव्हाच इथल्यासारखं 'सरी', बरं, ये म्हणून ठेवलंय. भ्याले ती ह्याला.

तीन दिवसांनी खालच्या गल्लीत दूधवाली अक्का गायीपुढं चारा टाकत होती. आज हुल्लु स्वल्पच आहे म्हणाली, म्हणजे चारा थोडाच आहे, आणि माझ्या तोंडून आलं, वैरण. गायीला घालायची ती वैरण, जात्यात दाणे वैरायचे, आधणात तांदूळ वैरायचे. भुकेल्या तोंडात घास घालायचा, मग ते तोंड गायीचं असो की पातेल्याचं. एवढं तू कधी समजावलं नाहीस बघ, नुसती धपाटे घालत राहिलीस.

करपलेलं पातेलं माझ्या खाटेखाली आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळून. कळलं तर गॅसला हात लावू देणार नाहीत म्हणून लपवलं. इथं हिचं पेन थांबलंय. तेही लिही म्हटलं.

आता ही विचारते, पाठवायचं कुठं? तांदळाच्या डब्यात ठेव, म्हणाले. पुन्हा कधी मी मूठ मिटून उभी दिसले तर वाचून दाखव. तुला तो शब्द पाठच आहे, आई. पत्र मलाच लागणार आहे.